पदवीधरची यादी

विधानसभेच्या मतदारयादीत नाव एकदा गेलं की ते तिथून हलत नाही. घर बदललं, माणूस वारला, तरी नाव आपलं जागच्या जागी, अशीच लोकांची तक्रार असते. पदवीधर मतदारसंघाचं, म्हणजे जिथून फक्त पदवीधर विधान परिषदेवर आमदार निवडतात त्याचं, नेमकं उलटं. दर निवडणुकीआधी जुनी यादी रद्द होते आणि कोऱ्या कागदापासून नवी सुरू होते. २०१४ ला रांगेत उभं राहून मत दिलंय म्हणून २०२० ला नाव असेल, असं अजिबात नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पदवीची झेरॉक्स, पुन्हा साक्षांकन.

मी पुण्यात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. माहेर विट्याकडचं, बी.ए. शिवाजी विद्यापीठातून, सासर धायरीला. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. या पाच जिल्ह्यांत विधानसभेचे ५८ मतदारसंघ आहेत. म्हणजे विधानसभेवर इथून अठ्ठावन्न आमदार जातात आणि विधान परिषदेवर पदवीधरांचा एक. विट्यातली माझी धाकटी बहीण आणि धायरीतली मी, दोघींचा हा आमदार एकच, ही आम्हा दोघींना जरा गंमतच वाटते.

नोंदणी सुरू झाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. वेळ बघा: २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान. सगळं कार्यालय त्या कामाला जुंपलेलं, भिंती-चौक विधानसभेच्या उमेदवारांनी भरलेले, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पदवीधर नोंदणीची जाहीर सूचना. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०१९. त्या तारखेच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि राहणं मतदारसंघातलं हवं. अर्ज नमुना १८. शिक्षकांचा वेगळा, नमुना १९. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सरांना नमुना ६, म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव घालायचा अर्ज, तोंडपाठ, पण १८ त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच हातात धरला.

अर्ज तसा एका पानाचा. नाव, पत्ता, विद्यापीठ, पदवीचं वर्ष, विधानसभेच्या यादीतला क्रमांक, फोटो. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. बसा, भरा, द्या. पण माझा अर्ज खिडकीवर पहिल्याच नजरेत अडला.

"मॅडम, डिग्रीवर आडनाव एक, आधारवर दुसरं."

"डिग्री लग्नाआधीची आहे."

"ते कळतंय हो. पण कागद लागेल."

कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, नाहीतर राजपत्रात छापलेला नावबदल. आमचं लग्न गावाकडचं, १९९८ चं, मंगल कार्यालयातलं. नोंदणी वगैरे कोण करत होतं तेव्हा? राजपत्रही कधी केलं नव्हतं, कारण नोकरी लग्नानंतर लागली आणि सेवापुस्तकात पहिल्यापासून सासरचंच नाव. शेवटी ग्रामपंचायतीतून उशिराची विवाह नोंदणी करून घेतली. त्यासाठी लग्नाची पत्रिका, भटजींची सही आणि साक्षीदार लागले. पत्रिका आईने जपून ठेवली होती, भटजी हयात होते, म्हणून झालं. खिडकीतल्या माणसाची यात चूक नव्हती, नियम तोच होता. पण रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी हे ऐकलं, हातातली फाईल मिटली आणि त्या निघून गेल्या. त्या परत आल्या असतील का, हे मला कित्येकदा वाटून गेलंय. पुरुषाला हा कागद लागत नाही. त्याची पदवी आणि त्याचं आधार एकाच आडनावाने बोलतात.

आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकू १९७४ च्या बी.एस्सी. आयुष्यभर प्रत्येक निवडणुकीला सकाळी आठच्या आत मत देणाऱ्या. पदवीधर मतदारसंघ नावाचं काही असतं हे त्यांना माहीत होतं, पण ते "त्या पक्षवाल्यांचं काहीतरी" असा त्यांचा समज. अर्ज घेऊन गेले तर म्हणाल्या, "अगं, मला कोणी कधी विचारलंच नाही!" प्रमाणपत्र ट्रंकेतून निघालं, घडीवर फाटलेलं. त्यांचंही आडनाव माहेरचं. पुढचं सांगत नाही. काकूंचं नाव त्या यादीत आलं नाही.

आता "कोणी विचारलं नाही" यातच या मतदारसंघाची खरी गोम आहे. विधानसभेला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी येतो, नवीन मुलामुलींची नावं लिहून नेतो. इथे कोणी सरकारी माणूस घरी येत नाही. येतात ते कार्यकर्ते. आमच्या कार्यालयाच्या कँटीनमध्ये त्या महिन्यात तिघे येऊन गेले, तिघांच्या पिशव्यांवर वेगवेगळ्या नेत्यांचे फोटो आणि तिघांचं वाक्य एकच: "मॅडम, फक्त फोटो आणि डिग्रीची झेरॉक्स द्या, बाकी आम्ही बघतो." साक्षांकनाचा शिक्का कुठून आणणार, हे मी एकाला विचारलं. तो नुसता हसला.

गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत, असा आयोगाचा नियम आहे. एका घरातल्या माणसाने घरच्यांचे अर्ज द्यावेत किंवा संस्थाप्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवावेत, एवढीच मुभा. पण संस्थाप्रमुख म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रात काय काय आलं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिक्षणसंस्था, साखर कारखाने, सूतगिरण्या, जिल्हा बँका, दूध संघ. ज्याच्या हाताखाली पगारपत्रक मोठं, त्याच्याकडे पदवीधरांची यादी आधीच तयार. बहिणीचा नवरा एका संस्थेच्या हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. त्याने अर्ज भरला नाही; त्याचा भरला गेला. त्याला यात गैर काही वाटत नाही. "नाहीतर मी कधी गेलो असतो का तहसीलला?" हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही.

मला विचाराल तर पदवीधरची निवडणूक मतदानाच्या दिवशी होतच नाही. ती आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. ज्याने जास्त अर्ज भरून घेतले, त्याने आपले मतदार स्वतःच्या हाताने तयार केले. प्रचार वगैरे नंतरची गोष्ट.

यादी झाली, आणि मग करोना आला. निवडणूक २०२० च्या उन्हाळ्यात व्हायची ती पुढे गेली. त्यातून आमची जागा आधीपासूनच रिकामी होती. २००८ आणि २०१४ ला इथून निवडून आलेले चंद्रकांत पाटील ऑक्टोबर २०१९ मध्ये कोथरूडमधून विधानसभेवर गेले. तेव्हापासून डिसेंबर २०२० पर्यंत, वर्षाहून जास्त काळ, पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांना परिषदेत कोणीच नव्हतं. आणि याच काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत यावर राज्यभर रण माजलं होतं, स्पर्धा परीक्षांच्या तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. पदवीधरांचा म्हणून आमदार असतो तो नेमका अशाच वेळी बोलायला. जागा रिकामी आहे असं माझ्या ओळखीत एकानेही बोलून दाखवलं नाही. लक्षातच आलं नसावं.

मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं, सकाळी आठ ते पाच. नोकरदार मतदारांना त्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा मिळते. दारात ताप मोजायचं यंत्र, सॅनिटायझर, सहा फुटांवर आखलेली वर्तुळं. आत मतदान यंत्र नाही, कागद. आणि कागद तरी केवढा! पदवीधरला ६२ उमेदवार होते. मतपत्रिका उलगडली तर वर्तमानपत्राचं पान उघडल्यासारखी हात फाकवून धरावी लागे. निवडणूक चिन्ह नाही. कमळ नाही, घड्याळ नाही. नाव वाचायचं आणि पुढच्या चौकटीत पसंतीक्रम लिहायचा. केंद्राध्यक्ष जांभळं स्केचपेन देतात, त्यानेच. खिशातला निळा पेन चालत नाही.

नियम असे: एक आकडा एकाच उमेदवारापुढे. "१" लिहिलाच पाहिजे, पुढचे २, ३, ४ ऐच्छिक. आकडा देवनागरी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. पण "एक" असं अक्षरात नाही चालत. बरोबरची खूण नाही, फुली नाही, सही तर नाहीच नाही. हे सगळं केंद्राबाहेर मोठ्या अक्षरात लावलेलं होतं. माझ्यापुढच्या सद्गृहस्थांनी ते वाचून "आम्हाला काय लिहिता-वाचता येत नाही का" असा शेरा मारला. दोन दिवसांनी बालेवाडीत मला त्यांची आठवण झाली.

कारण मतमोजणीला माझी नेमणूक होती. ३ डिसेंबरला सकाळी शिवछत्रपती क्रीडासंकुलात हजर व्हायचं. विधानसभेची मोजणी मी केलेली आहे: यंत्राचं बटण दाबायचं, आकडा लिहायचा, दुपारपर्यंत गुलाल. पदवीधरच्या मोजणीत पहिला अख्खा दिवस मतं मोजण्यात जातच नाही. पेट्या उघडायच्या आणि मतपत्रिका कोणाला आहेत हे न बघता नुसत्या मोजायच्या. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे, मग ते सगळे एकत्र टाकून मिसळायचे. कुठल्या गावाने कोणाला मत दिलं हे कळू नये म्हणून. मिसळलेल्या गठ्ठ्यांतून प्रत्येक टेबलाला हजार मतपत्रिका. तोवर संध्याकाळ उलटून गेलेली, मास्कने कानामागे वळ उठलेले आणि जाळीपलीकडचे उमेदवारांचे प्रतिनिधी आमच्याहून जास्त कंटाळलेले.

मग प्रत्येक मतपत्रिका उलगडायची, "१" कुठे आहे ते शोधायचं, प्रतिनिधींना दाखवायची आणि त्या उमेदवाराच्या खणात ठेवायची. ६२ नावांच्या कागदावर एक आकडा शोधायला वेळ लागतो. माझ्या जोडीला एक तलाठी होते, मुळशीकडचे. भाऊसाहेबांची नजर तयार. सातबारा वाचून वाचून त्यांना कुठल्याही रकान्यातला आकडा चटकन दिसायचा. मी उलगडायची, ते बोट ठेवायचे.

आणि शंकास्पद मतांचा ढीग! मोजणीच्या कामाला गोपनीयतेचं बंधन असतं, त्यामुळे कोणाच्या नावापुढे काय होतं ते सांगत नाही. पण प्रकार सांगते. दोघांपुढे "१". कोणापुढेच "१" नाही, थेट "२". बरोबरच्या खुणा, अगदी वहीत मास्तर करतात तशा ठसठशीत. खाली झोकदार सही. एकीवर जुन्या पेन्शनची मागणी, पूर्ण वाक्यात, शुद्धलेखनासह. भाऊसाहेब प्रत्येक वेळी मास्कआडून म्हणत, "पदवीधर!" पहाटेपर्यंत त्या एका शब्दावर आमचं टेबल हसत होतं. सगळी मिळून एकोणीस हजारांवर मतं अवैध ठरली. मतदार सव्वाचार लाखांच्या आसपास होते, त्यातल्या अठ्ठावन्न टक्क्यांनी मत दिलं होतं. म्हणजे साधारण तेरा मतपत्रिकांमागे एक फुकट गेली. यंत्रावर मत बाद होणं आपण विसरलोय, म्हणून हा आकडा मोठा वाटतो. विधानसभेत निरक्षर माणसाचंही मत वाया जात नाही.

वैध मतांच्या निम्मी अधिक एक, हा कोटा. तो एक लाख चौदा हजारांवर गेला. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला नाही, तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटायची; मग त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा. बासष्ट उमेदवार. आम्ही मनात आकडेमोड करून बसलो होतो की दोन दिवस घरी जात नाही. पण ती वेळ आली नाही. राष्ट्रवादीचे अरुण लाड यांना पहिल्या पसंतीची १ लाख २२ हजार १४५ मतं पडली, भाजपच्या संग्राम देशमुख यांना ७३ हजार ३२१. पहिल्याच फेरीत निकाल. त्याच संकुलात शेजारी शिक्षक मतदारसंघाची मोजणी चालली होती. तिथे काँग्रेसचे जयंत आसगावकर निवडून आले, पण बाद फेऱ्या कराव्या लागल्या. त्यांचे कर्मचारी आमच्याकडे हेव्याने बघत होते.

बहिणीला फोनवर निकाल सांगितला तर तिला तो आधीच माहीत होता. लाड कुंडलचे, देशमुख कडेपूरचे. कुंडल पलूस तालुक्यात, कडेपूर कडेगाव तालुक्यात, आणि हे दोन्ही लगतचे तालुके. पाच जिल्ह्यांचा, अठ्ठावन्न विधानसभांचा मतदारसंघ, आणि लढत विट्याच्या हाकेच्या अंतरावरल्या दोन गावांत! पुणे शहरात आयटीपासून विद्यापीठांपर्यंत पदवीधरांची एवढी गर्दी, पण इथून कोणी तगडा उमेदवार नव्हता आणि मतदानाची टक्केवारीही पाच जिल्ह्यांत पुण्याचीच सगळ्यात कमी. कोल्हापूर-सांगलीकडे माणसं रांगा लावून उभी होती. पुणेकरांनी यावर तक्रार करू नये. यादीत आपण नव्हतो, होतो ते गेलो नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या मतदारसंघात मतदार पदवीधर असावा लागतो, उमेदवार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं: घटनेच्या १७१ व्या कलमात मतदार कोण एवढंच सांगितलंय, उमेदवाराला पदवीची अट नाही. जोशीकाकूंना मी हे सांगितलं. म्हणजे ट्रंकेतल्या फाटक्या प्रमाणपत्रामुळे त्यांना मत देता आलं नाही, पण मनात आणलं असतं तर त्या उभ्या राहू शकल्या असत्या. काकू म्हणाल्या, "मग उभीच राहते पुढच्या वेळी!"

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य. त्यात पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात. बाकीचे आमदारांनी, स्थानिक स्वराज्य संस्थांनी निवडलेले आणि राज्यपालनियुक्त. ही रचना ठरली तेव्हा गावात एखादा पदवीधर असायचा आणि त्याला पत्र वाचायला बोलवायचे. आज गल्लीत दगड भिरकावला तर पदवीधराला लागतो. मग त्याचा वेगळा आमदार कशाला, हा प्रश्न मला पडतो. पण माझ्या कार्यालयातल्या कंत्राटी पोरांकडे बघितलं की उत्तरही तिथेच दिसतं. एम.ए., एम.कॉम. झालेली, दर अकरा महिन्यांनी ऑर्डरची वाट बघणारी. रखडलेली भरती, परीक्षा शुल्क, पेपरफुटी, कंत्राटी पगार, हे प्रश्न विधानसभेतल्या आमदाराच्या यादीत रस्ते-पाणी-विजेच्या खाली कुठेतरी असतात. परिषदेत कोणाचं तरी पहिलं काम हे असावं, असं मला वाटतं. फक्त ही पोरं यादीत नसतात. कोणाच्या संस्थेत नाहीत, कारखान्यात नाहीत. त्यांचा अर्ज भरून घेण्यात कोणाला रस? आमच्या शाखेतल्या सहा जणांपैकी एकानेही २०२० ला मत दिलं नव्हतं.

आता डिसेंबर २०२६ मध्ये मुदत संपतेय, म्हणून गेल्या ऑक्टोबरात पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात झाली. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२५, अर्ज ६ नोव्हेंबरपर्यंत. या वेळी माझ्याकडे विवाह नोंदणीचा दाखला तयार, अर्ज ऑनलाइन, चहा गार व्हायच्या आत काम झालं. त्या सहा पोरांना दुपारच्या सुट्टीत संगणकासमोर एकेक करून बसवलं. चौघांचे अर्ज गेले. एकाचं प्रमाणपत्र विद्यापीठातून आणायचंच राहिलेलं. एकीचं आडनाव.

काकूंचा अर्जही भरला. त्यांनी मधल्या काळात राजपत्रात नावबदल छापून घेतला होता, वयाच्या सत्तरीत. एवढ्यासाठीच का, असं मी विचारलं नाही.

राहिली आमची मुलगी. ती जून २०२३ ला बी.कॉम. झाली. आईचं चाललंय तर आपलाही भरून टाकू म्हणून लॅपटॉप घेऊन बसली. मी म्हटलं, थांब, तुझी तीन वर्षं १ नोव्हेंबर २०२५ ला पूर्ण होत नाहीत.

"मग? जून २०२६ ला होतील ना? निवडणूक त्याच्यानंतरच आहे."

"निवडणुकीचा दिवस धरत नाहीत. अर्हता दिनांक धरतात."

"मग पुढच्या वेळी."

"पुढची यादी २०३१ ला. मतदान २०३२ च्या अखेरीस."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे पदवी मिळाल्यावर साडेनऊ वर्षांनी मी पदवीधर?"

"अर्ज भरलास तर," मी म्हटलं. "आणि आडनाव बदललं नाहीस तर."